चौदा पेपर आणि पंधरावा

आमच्या घरातून गाडी कधी सरळ निघत नाही. बाहेर उणे तीस असो, पापण्यांवर पाणी गोठत असो, आमचे मोहनराव आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालणार. चारही विंटर टायर्सना बुटाच्या टोकानं ढोसणार, वाकून खाली तेल गळतंय का बघणार, दिव्यांवरचं बर्फ पुसणार आणि मगच दार उघडणार. आणि जायचं कुठे, तर कोपऱ्यावर दूध आणायला! एडमंटनला आलो तेव्हापासून मी हा सोहळा बघते आहे. आधी कौतुक वाटायचं, मग राग यायला लागला. आता मी आपली आत बसून हीटर लावते आणि रामरक्षा म्हणते.

ही पायलटची खोड. उडण्याआधी विमानाभोवती फिरून ते नीट डोळ्यांखालून घालायचं, असं त्यांना नागपूरच्या फ्लाइंग क्लबात शिकवलं होतं. विमान सुटलं, प्रदक्षिणा सुटली नाही.

आमचं लग्न ठरलं ते याच विमानापायी, आणि मोडत होतं तेही त्याच्यापायीच. मध्यस्थ म्हणाले, "मुलगा कपाशीवर फवारणी करतो." आमच्या अकोल्याकडे फवारणी पाठीवर पंप बांधून करतात. वडिलांनी पानाचा डबा बंद केला. मग मध्यस्थांनी सांगितलं की विमानातून करतो, सरकारी लायसन्स आहे, तेव्हा डबा पुन्हा उघडला. लग्नाआधी मी त्यांना एकदाच उडताना पाहिलं. मामाच्या गावाबाहेर पहाटेचं विमान कपाशीवरून इतकं खाली आलं की मला पायलटची टोपी दिसली. बांधावरचं बाभळीचं झाड आता लागणार, आता लागणार असं वाटत असताना विमान एकदम वर उचललं गेलं. माझी मामी किंचाळली. मी नाही किंचाळले. मी तिथेच ठरवलं, की हाच.

बहात्तर साली आम्ही कॅनडात आलो. मोहनराव इथे आधी सिटी बस चालवायला लागले, आणि नंतर शहरात एल.आर.टी., म्हणजे इथली लोकल रेल्वे, सुरू झाली तेव्हा तिच्यावर गेले. निवृत्त होईपर्यंत तेच केलं. विमान कधीच नाही. का नाही, याची एक गोष्ट होती आणि ती इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक गणपतीत, प्रत्येक पॉटलकच्या जेवणात कोणीतरी त्यांना सांगायला लावायचं. गोष्ट अशी: मोहनराव आपलं भारतीय लायसन्स घेऊन सरकारी ऑफिसात गेले. तिथल्या गोऱ्या साहेबानं ते दोन बोटांत धरलं, उलटंपालटं केलं, टेबलावरून परत सरकवलं आणि म्हणाला, "वी डोन्ट टेक दीज." 'दीज'वर मोहनराव थोडे थांबायचे. मग हॉलमध्ये हळहळ. तिथे बसलेल्या प्रत्येकाची अशी एखादी जखम होतीच. एम.बी.बी.एस. होऊन पुन्हा इंटर्नशिप केलेले डॉक्टर होते, 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स' नाही म्हणून गोदामात खोकी उचललेले इंजिनिअर होते. त्यामुळे गोष्ट हमखास रंगायची.

फक्त एक अडचण होती. त्या दिवशी त्या ऑफिसात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसले होते.

साहेब म्हातारा होता आणि फार सभ्य होता. त्यानं लायसन्स परत दिलं हे खरं, पण त्याबरोबर एक पुस्तकही दिलं. म्हणाला, लेखी परीक्षा द्या, डॉक्टरकडून तपासून घ्या, आमच्या परीक्षकाबरोबर एकदा उडून दाखवा, आणि आमचं लायसन्स घेऊन जा. तुमचे उड्डाणाचे तासही धरू म्हणाला. मला 'माय डिअर' म्हणाला म्हणून मी लाजले होते, तेही आठवतं. ते पुस्तक तो सगळा हिवाळा आमच्या फ्रिजवर पडून राहिलं. त्यावर मी एकदा डाळीचा डबा ठेवला तरी हे काही बोलले नाहीत. बर्फ वितळलं आणि मोहनराव बसच्या ट्रेनिंगला गेले. दुसऱ्या दिवाळीपर्यंत 'वी डोन्ट टेक दीज' जन्माला आलं होतं.

मी समजले, अहंकार. एवढे तास उडवलेला माणूस पोरासोरांसारखा बाकावर बसून पेपर कशाला लिहील? मला राग आला होता आणि तो मी आमटीत, पोळीत, बंद केलेल्या दारांत वर्षानुवर्षं काढला. पण चारचौघांत एक अक्षर बोलले नाही. नवऱ्याचं हसं बायकोनं करायचं नसतं, हे माझ्या आईनं मला शिकवलेलं.

बऱ्याच वर्षांनी गुंजन झाली. एकुलती एक. तिला बोलता येण्याआधी विमानं ओळखता यायला लागली, कारण रविवारी सकाळी बापलेक शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून उभे असायचे. मी थर्मासमधून चहा आणि डब्यातून साबुदाण्याची खिचडी घेऊन गाडीत बसायचे. काय दिवस होते ते! एखादं छोटं विमान उतरलं की हे म्हणायचे, "जरा उंचावरून आला, बघ, आता उड्या मारणार." आणि खरंच ते टुणटुण उड्या मारायचं. पोरगी खिदळायची. तिच्या लाल टोपीचा गोंडा मला अजून दिसतो. तो विमानतळ आता बंद झाला. धावपट्टी उखडली, तिथे घरं होणार आहेत. आम्ही त्या बाजूनं गेलो की दोघंही खिडकीबाहेर बघतो.

गुंजन पायलट झाली यात नवल ते काय? उत्तरेकडच्या बर्फातल्या वस्त्यांवर सामान पोचवणारी छोटी विमानं तिनं चालवली, मग मोठ्या कंपनीत गेली. तिच्या खांद्यावरच्या पट्ट्या वाढत गेल्या तशी मोहनरावांची गोष्टही वाढत गेली. "मला नाही घेतलं, पण माझ्या पोरीला घ्यावंच लागलं," असा शेवट तिला जोडला गेला. त्यावर तर टाळ्याच पडायच्या.

मग गुंजननं प्रणवशी लग्न केलं. मुलगा पुण्याचा, नोकरी डब्लिनला, आयर्लंडमध्ये. त्याची आई त्याच्याजवळ राहते आणि आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस असतं. म्हणजे तो हलणार नव्हता. हलायचं तर गुंजननं. आणि तिथल्या एका विमान कंपनीनं तिला घ्यायची तयारीही दाखवली, पण युरोपचं लायसन्स असेल तर.

आता कॅनडाचं लायसन्स दाखवलं आणि युरोपचं घेतलं, असं होत नाही म्हणे. तुम्ही कितीही हजार तास उडवलेले असोत, चौदा विषयांचे चौदा लेखी पेपर पुन्हा द्यायचे. तिथल्या डॉक्टरकडून वेगळं मेडिकल. मग परीक्षकाला शेजारी बसवून उडून दाखवायचं. पहिला पेपर दिला की दीड वर्षात सगळे पेपर आटोपायचे, नाहीतर पाटी कोरी आणि पहिल्यापासून सुरुवात. गुंजननं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मला तो जुना साहेब आठवला.

दोन हजार सतराच्या शरद ऋतूत ती पहिले काही पेपर द्यायला आयर्लंडला गेली. जाताना मी तिच्या हातावर दही-साखर घातली. पस्तिशीला टेकलेली पोरगी, पण हात चाटून पुसून साफ. आमच्या घरातून परीक्षेला दही-साखरेशिवाय कोणी गेलेलं नाही, नागरिकत्वाच्या परीक्षेला सुद्धा नाही.

ती दोन पेपरांत नापास झाली. एक होता नकाशांचा आणि दुसरा कायद्याचा. कायद्याच्या पेपरात तिनं काय केलं, तर इतक्या वर्षांच्या सवयीनं कॅनडातली उत्तरं लिहून आली. इथे बरोबर, तिथे चूक. घाईत हात आपोआप वळतो तिकडेच वळला.

जानेवारीत ती सुट्टी घेऊन आमच्याकडे आली. अभ्यासाला म्हणून आली, पण पुस्तकांची बॅग बेसमेंटमध्ये टाकली ती टाकलीच. एका सकाळी पोहे खाता खाता तिनं जाहीर केलं, "आय अ‍ॅम डन, आई."

"काय डन? अजून बशीत पोहे आहेत."

"एक्झाम्स. मी ब्लिझर्डमध्ये यलोनाइफला लँड केलंय. आणि हे मला स्कूल किडसारखं बसवून नकाशावरचे अँगल्स विचारणार? दे डोन्ट वॉन्ट अस, दॅट्स ऑल. शुक्रवारी पुढच्या सिटिंगचं बुकिंग क्लोज होतंय. आय अ‍ॅम नॉट बुकिंग."

"आणि प्रणव?"

"आय डोन्ट नो, आई." तिचा आवाज बारीक झाला. "आमचं बोलणं चाललंय. कदाचित... आय डोन्ट नो." मग ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुला तरी कळतंय ना? त्यांनी तुला पण असंच केलं. यू डिड नॉट बेग देम. मी पण नाही करणार."

मोहनरावांच्या हातातला चमचा तोंडाशीच थांबला. मी त्यांच्याकडे बघितलं. इतकं रोखून बघितलं की दुसरा कोणी असता तर जळून गेला असता. ते म्हणाले, "ड्राइव्ह-वे शोव्हल करायचा राहिलाय," आणि उठले.

मी गॅरेजमध्ये त्यांच्या मागोमाग गेले. "अहो, पोरीचा संसार मोडायची वेळ आली तुमच्या त्या गोष्टीपायी. तुम्ही सांगताय की मी सांगू?"

ते फावडं हातात घेऊन उभे होते. "तू नको सांगूस," म्हणाले.

"मग कधी सांगणार?"

"मला शुक्रवारपर्यंत वेळ दे."

एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं काही मागितलं नव्हतं. मी दिला. पण मनातून मी चिडले होते. पुढचे दोन-तीन दिवस ते सारखे बेसमेंटमध्ये. "काय करता?" विचारलं तर "फर्नेसचा फिल्टर बघतोय." एवढा बघण्यासारखा फिल्टर मी तरी पाहिलेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं मी मनात म्हटलं आणि शुक्रवारी आपणच तोंड उघडायचं ठरवलं.

शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. मोहनराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. भांग पाडलेला. माझ्यासमोर त्यांनी उजवा तळहात पसरला.

"काय पाहिजे?"

"दही-साखर."

"ती कशाला?"

"परीक्षा आहे," म्हणाले. बहात्तर वर्षांचा माणूस, आणि कान लाल झाले होते.

मला काही कळेना, पण त्यांनी हात तसाच पुढे धरला होता, म्हणून मी प्रश्न विचारले नाहीत. फ्रिजमधून दही काढलं, वर साखर घातली. त्यांनी लहान मुलासारखा तळहात चाटला आणि मला वाकून नमस्कार करायला निघाले. "अहो, काय हे!" म्हणून मी मागे सरकले, तेव्हा देवाला नमस्कार करून गेले. खिडकीतून मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

ते परत आले तेव्हा गुंजन नुकती उठून चहा घेत होती. बूट न काढताच पायपुसण्यावर उभे राहिले. "नापास झालो," म्हणाले. दूध संपलंय, अशा सुरात.

"व्हॉट?" गुंजन म्हणाली.

"फ्लाइंग क्लबात गेलो होतो, शहराबाहेरच्या. शिकाऊ पायलटांची लेखी परीक्षा असते ना, ती दिली. नव्वद टक्के लागतात. थोडक्यात गेली."

"बाबा, दॅट्स अ टेस्ट फॉर टीनएजर्स! का दिलीस तू?"

"कारण तू म्हणालीस, त्यांनी मला पण असंच केलं." त्यांनी टोपी काढली. "त्यांनी काही केलं नव्हतं, गुंजन. त्या साहेबानं मला पुस्तक दिलं होतं. परीक्षेला बस म्हणाला होता. मीच बसलो नाही. पुढचं सगळं मी रचलं."

गुंजननं माझ्याकडे बघितलं. मी 'हो' म्हणून मान हलवली. तिचा चेहरा पडला. ही गोष्ट तिनं शाळेत निबंधात लिहिली होती, पायलटच्या पहिल्या इंटरव्ह्यूत सांगितली होती.

"बट व्हाय?"

"अहंकार, दुसरं काय," मी म्हटलं. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं.

"नाही," मोहनराव म्हणाले. "अहंकार असता तर बसलो असतो, पहिला येऊन दाखवलं असतं. मला भीती वाटत होती." ते माझ्याकडे बघत होते, तिच्याकडे नाही. "मी ते पुस्तक उघडलं होतं, सुरेखा. तू झोपलीस की उघडायचो. त्यात बर्फावर उतरायचं कसं, पंखांवर बर्फ साचलं तर काय. मी बर्फ कधी बघितलं नव्हतं. आमच्या फवारणीच्या विमानात रेडिओ सुद्धा नव्हता. नापास झालो असतो तर? तू पायलटशी लग्न केलं होतंस. परीक्षेला न बसलेल्याला कोणी नापास म्हणत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मी खुर्ची ओढून बसले. एवढा राग केला, एवढ्या दाराच्या फळ्या आपटल्या, आणि तो सगळा भलत्याच गोष्टीवर. शेजारी झोपलेला माणूस घाबरलेला आहे हे मला कळलं नाही. मला फार वाईट वाटलं. आणि फार रागही आला, नवा, ताजा.

"नापास झाला असतात तर मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

"माहेरी निघून गेली असतीस."

"माहेरी? इथून अकोल्याला? विमानानं जावं लागलं असतं. ते कोण चालवणार होतं?"

गुंजनच्या तोंडातून चहाचा फवारा उडाला. ती हसायला लागली ती थांबेना, मग मोहनराव हसले, मग मी. हसता हसता मी रडत होते हे मला गालावर हात लावल्यावर कळलं. गुंजन उठली, बापाला मिठी मारली, आणि तशीच उभी राहून म्हणाली, "कुठले प्रश्न चुकले?"

"टॉवरच्या दिव्यांचे इशारे सगळे बरोबर आले. ट्रान्सपॉन्डरच्या प्रश्नांवर गेलो."

"तू कुठून वाचलंस?"

"तुझी जुनी पुस्तकं आहेत ना बेसमेंटमध्ये. कॉलेजातली."

"तेव्हापासून रूल्स चेंज झालेत, बाबा. यू स्टडीड द राँग बुक." तिनं डोळे पुसले. "री-राइट देतात?"

"देतात. पण मी आता कशाला..."

"देणार आहेस तू," ती म्हणाली. मग फोन उचलून टेबलाशी बसली आणि स्वतःच्या पेपरांचं बुकिंग केलं. पैसे भरताना कार्डचा नंबर तिनं दोनदा चुकवला.

पुढचा महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती. एकीकडे ती, एकीकडे हे. ती यांना ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारवर विमानाची ओळख देणारं यंत्र, समजावून सांगायची. हे तिला कायद्याच्या पेपराचे प्रश्न विचारायचे आणि तिनं कॅनडातलं उत्तर दिलं की टेबलावर चमचा वाजवायचे: "इथलं नाही, तिथलं सांग!" मी चहा करकरून थकले. सांगते, माझ्या आयुष्यात तितकं सुख मी क्वचित अनुभवलं आहे. मोहनराव दुसऱ्या वेळी पास झाले. उडायला मात्र डॉक्टरनं नाही म्हटलं, बी.पी. आहे म्हणून, आणि यांनी ते निमूटपणे ऐकलं. गुंजनचे आधी ते दोन पेपर सुटले, मग फेऱ्या मारमारून उरलेले. पुढच्या शरद ऋतूत तिथल्या परीक्षकाबरोबर ती उडाली, आणि युरोपचं लायसन्स तिच्या हातात आलं.

डिसेंबरात आम्ही तिला विमानतळावर सोडायला गेलो. यावेळी रिटर्न तिकीट नव्हतं. काचेपलीकडे वळून तिनं दोनदा हात केला, मग गर्दीत दिसेनाशी झाली. पार्किंगमध्ये येऊन आम्ही गाडीत बसलो. मोहनरावांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

एक गोष्ट माझ्या मनात गेले काही महिने घोळत होती. ती मी कधीच बोलणार नव्हते. ती तेच बोलले.

"मी त्या दिवशी गप्प राहिलो असतो तर आज ती इथेच असती."

"असती," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "मागच्या सीटवर बसली असती. आणि पुढे जन्मभर लोकांना सांगत राहिली असती, की त्यांनी मला घेतलं नाही."

मोहनराव स्टिअरिंगवर डोकं टेकवून मोठ्यानं रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना असं रडताना कधी बघितलं नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि मीही रडले. मला पोरगी हवी होती. अजून हवी आहे. मागून एका गाडीवाल्यानं हॉर्न दिला, आमची जागा हवी होती त्याला. "थांब म्हणावं जरा," मी म्हटलं, आणि आम्ही आमचं पुरतं रडून घेतलं.